बागेतली खेळणी: पाहणी आणि तक्रार करताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 ला टेकतो आणि पोरं बागेत उतरतात ती ऊन कलल्यावरच. हुतात्मा बाग असो की जुळे सोलापुरातल्या एखाद्या वसाहतीची खुली जागा, आपण आधी बघतो तो रंग. ताजा पिवळा-निळा हात मारलेला दिसला की खेळणी ‘नवी’ झाली असं धरून पोरांना सोडतो. रंग गंजावरसुद्धा छान बसतो, हे कुठल्याही वेल्डिंगवाल्याला विचारा.

नजर आधी खाली टाका. मैदानावर मुलांना होणाऱ्या इजांत सर्वांत मोठा वाटा पडण्याचा असतो, त्यामुळे पोरगं कशावरून पडलं याइतकंच ते कशावर पडलं हेही महत्त्वाचं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत साधारण 4 फूट उंचीवरून पडण्यासाठी 9 इंच सैल वाळूचा थर सांगितला आहे. गवत आणि उघडी माती तिथं संरक्षक थर म्हणून धरलेलीच नाही, कारण पायांखाली ती दगडासारखी घट्ट होते. आपल्याकडे झोक्याखाली हौसेनं पेव्हर ब्लॉक बसवतात, का तर चिखल होऊ नये! चप्पल स्वच्छ राहते, डोकं फुटतं. रोलर फिरवलेल्या मुरमाचीही तीच गत. वाळू टाकलीच असेल तर झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी ती पायांनी उडून खड्डा पडतो. पट्टी तिथं रोवून बघा, कडेला नाही.

दुसरी तपासणी खांबाच्या बुडाशी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. काँक्रीटचा पाया उथळ असेल तर या फुगण्या-आटण्यात खांब हळूहळू सैल होतो. शिवाय पाइप सडतो तो जमिनीच्या पातळीवर, जिथं ओल साचते. वरचे पाच फूट ठणठणीत असतात. काडीनं बुडाची माती उकरा, दोन मोठ्या माणसांनी खांब हलवून बघा. मग वर जा: साखळीच्या कड्या झिजून पातळ झाल्यात का, एस-आकाराचा हूक उघडा पडलाय का. हुकाची फट एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फ्रॉकची लेस किंवा ओढणी त्यात अडकते. गळ्यात दोरी, ओढणी किंवा ओळखपत्राची पट्टी असताना मुलाला घसरगुंडीवर चढू देऊ नका. तेवढं खेळणं सुरक्षित असूनही घात करतं.

फटींकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. शिडीच्या दोन पायऱ्यांत, कठड्याच्या दोन गजांत 9 ते 23 सेंटिमीटरचं अंतर असेल तर ते धोक्याचं. लहान मूल पायाकडून त्यातून खाली घसरतं, धड निघतं आणि डोकं अडकतं. अंतर याहून कमी तरी हवं किंवा जास्त तरी. शिंप्याची टेप खिशात ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

पत्र्याच्या घसरगुंडीला दुपारी तळहाताची उलटी बाजू लावून बघा. चटका बसला तर दोन वर्षांच्या पोराच्या मांडीला तो किती बसेल, हे सांगायला नको. यावर उपाय महागडा नाही: घसरगुंडीचं तोंड फिरवून उत्तरेकडे करायचं, नाहीतर सावली करायची.

आता तक्रारीकडे वळू, कारण खरा घोळ इथंच होतो.

‘बागेतली खेळणी मोडकळीस आली आहेत, कृपया लक्ष द्यावे’ असा अर्ज म्हणजे कागद वाया. कोणती खेळणी, कुठली, काय मोडलंय? हे वाचून कुणालाच नेमकं कामाला लावता येत नाही. ‘उत्तरेकडच्या फाटकापासून दुसरा झोका, डाव्या साखळीची वरची कडी निम्मी झिजलेली, फोटो सोबत’ असं लिहिलं की अभियंत्याला नाकारायला जागा उरत नाही. फोटोत टेप दिसू द्या. अर्ज उद्यान विभागाला, प्रत तुमच्या झोन कार्यालयाला, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नगरसेवकाला फोटो पाठवला म्हणजे तक्रार झाली असं नाही. ती ओळख झाली.

मोबाइलवरची तक्रार ‘निकाली’ दाखवते आणि झोका तसाच लोंबतोय, असं झालं तर चिडून नवी तक्रार टाकू नका. आधीचा क्रमांक घालून, आजचा फोटो जोडून पुन्हा लिहा. नव्या तक्रारीनं जुना उशीर पुसला जातो.

मोडकं खेळणं ‘बंद’ करण्याची पद्धतही बघण्यासारखी असते. झोक्याला दोरी बांधून ठेवली की अर्ध्या तासात पोरं ती सोडतात. बैठक काढून नेली तरच झोका बंद. आणि खेळणं कापून नेलं तर जमिनीतून वर आलेला चार बोटं पाइप तसाच राहतो. अंधारात त्यावर पडणाऱ्याचं काय? तो मुळापासून काढायची मागणी अर्जात वेगळी लिहा.

युरोपच्या ईएन 1176 या बागेतल्या खेळण्यांच्या मानकात तपासणीचे तीन थर आहेत: रोज किंवा आठवड्याला नजरेची पाहणी, एक ते तीन महिन्यांनी झीज आणि जोड तपासणं, आणि वर्षातून एकदा पाया, गंज यांसकट सगळ्याची मुख्य तपासणी. न्यूयॉर्कमध्ये बागांच्या तपासणीचे निकाल शहराचा उद्यान विभाग स्वतः संकेतस्थळावर टाकतो. आपण निदान नोंदवही तरी मागू शकतो. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा: या खेळण्यांची शेवटची तपासणी कधी, कुणी केली, कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर त्यानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. मुदत शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं होते आणि ‘निधी नाही’ हे कारण चालत नाही. 2005 च्या या कायद्याच्या कलम 2(जे) नुसार कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. अर्जात तोही मागा.

‘बागा-मैदानं हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे’ असं उत्तर कधी ऐकायला मिळतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ती कलम 66 च्या ऐच्छिक यादीत आहेत, हे खरं. पण बांधायचं की नाही ते ऐच्छिक, बांधल्यावर सांभाळणं नव्हे. दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घंटाघर कोसळून माणसं मेली, तेव्हा दोष वरून दिसत नव्हता हा महापालिकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं 1966 मध्ये मानला नाही. वेळोवेळी तपासणं हे मालकाचंच काम, असा त्याचा रोख होता. खटला रस्त्याकडेच्या इमारतीचा होता, तरी अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आमदार-खासदार निधीतल्या ओपन जिमचीही एक वाक्यात नोंद: ती यंत्रं मोठ्यांसाठी आहेत, सांध्यांत लहान बोटं चेंगरतात, पोरांना तिथं खेळायला सोडू नका.

वसाहतीतल्या खुल्या जागेची गोष्ट वेगळी. ती महापालिकेकडे हस्तांतरित झालीय का, हे आधी पाहा. मंजूर रेखांकनाची प्रत नगररचना विभागात मिळते. हस्तांतर झालेलं नसेल तर उद्यान विभागाला लिहून उपयोग नाही, झोक्याची साखळी सोसायटीलाच बदलावी लागेल. त्या खर्चाचा ठराव आणि पावती जपून ठेवा, आणि साखळी बदलणाऱ्याला बुडाचा पाइपही उकरून बघायला सांगा.