झेड ड्राइव्हची यादी रांगते? नवी डिस्क घेण्याआधी हे करा

जून-जुलैत दाखले आणि पीकविम्यासाठी सेवा केंद्रावर रांग लागते, आणि नेमका तेव्हाच काउंटरवरच्या पीसीवर मेन पीसीचा झेड ड्राइव्ह, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला त्याचा सामायिक फोल्डर, अडतो. फोल्डर उघडला की वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते, फायली दिसत नाहीत. लगेच नवी डिस्क आणायला अकोल्याला पळू नका.

विंडोज आणि आर दाबून सीएमडी, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, उघडा. डिर (फायलींची यादी दाखवणारी कमांड) लिहून एक स्पेस द्या, मग झेड, कोलन, उलटा स्लॅश आणि फोल्डरचं नाव. नावात स्पेस असेल तर सगळा पत्ता दुहेरी अवतरणात घाला. यादी सरसर उतरली तर डिस्क अन् नेटवर्क बहुधा ठीक आहेत, घोळ एक्सप्लोररचा, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचा आहे.

बहुतेक वेळा तसंच निघतं. आधारचे स्कॅन आणि पासपोर्ट फोटो जास्त झाले की विंडोज त्या फोल्डरला फोटोंचा फोल्डर समजतं आणि एकेक फाइल नेटवर्कवरून उघडून तिचं छोटं चित्र काढत बसतं. एका फाइलमागे 5 मिलिसेकंदांची एकच फेरी धरली तरी 4,000 फायलींना 20 सेकंद झाले. म्हणून फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज. तिथे पिक्चर्सऐवजी जनरल आयटम्स निवडा, खालची सबफोल्डरची टिकही करा. व्ह्यू डिटेल्सवर ठेवा. डेट टेकन, डायमेन्शन्स हे कॉलम काढाच, कारण ते भरायला प्रत्येक फाइल आतून वाचावी लागते. नाव, तारीख, प्रकार, साइज एवढं पुरतं. शिवाय वर्ष आणि महिन्याप्रमाणे फोल्डर पाडा. 2019 पासूनचं सगळं एकाच ठिकाणी कोंबायचं कारण नाही.

डिरसुद्धा रखडलं तर सीएमडीत पिंग आणि पुढे मेन पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) लिहा, उत्तर किती वेळात येतं ते कळतं. केबलवर उत्तर 1 मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. वायफायवर 4, 90, 210 असं उड्या मारत असेल तर रोग तिथेच आहे. कॅट 6 केबल टाका, 100 मीटरपर्यंत चालते. छतावरून नेताना पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

दिवसातून पहिल्यांदाच उशीर, नंतर झपाझप? डिस्क झोपलेली असते. मेन पीसीच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ नेव्हर करा.

लाइन जाऊन आल्यावर त्रास सुरू झाला असेल तर वेगळं. राउटर पुन्हा चालू झाला की मेन पीसीला कधीकधी नवा आयपी देतो. जुन्या आयपीवर जोडलेला ड्राइव्ह मेलेला राहतो आणि विंडोज त्याची वाट बघत अख्खी धिस पीसीची खिडकी अडवतं. सीएमडीत नेट यूज लिहा, जोडलेल्या ड्राइव्हची यादी दिसते. अनअव्हेलेबल दिसलेला ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, राउटरमध्ये मेन पीसीचा आयपी कायमचा बांधा आणि मग ड्राइव्ह पुन्हा जोडा.

मेन पीसीवर बसूनही तोच फोल्डर अडत असेल, डिस्क टकटक वाजत असेल, तेव्हाच डिस्कवर संशय घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने पिवळा कॉशन दाखवला तर आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा. विंडोजची डिस्क तपासायची कमांड चेकडिस्क त्यानंतर, तिला स्लॅश आर दिलं की ते पूर्ण डिस्क वाचतं आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.