प्रोजेक्टचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

एमबीएचा प्रोजेक्ट असो की बीएमएसचं ब्लॅक बुक, सबमिशनला आठवडा उरला की हमखास एक प्रश्न येतो: "१२० रिस्पॉन्स आलेत, आता यावर कोणती संख्याशास्त्रीय टेस्ट लावू?" या प्रश्नाचं उत्तर फॉर्म पाठवण्याआधी ठरायला हवं होतं. नंतर कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं, तरी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही.

म्हणून फॉर्म बनवण्याआधी रिकामे तक्ते आखा. प्रत्येक उद्दिष्टासाठी एक तक्ता घ्या, ओळी-स्तंभांची शीर्षकं लिहा आणि कोणत्या प्रश्नातून कोणता आकडा येणार, हे बाजूला टिपा. जो प्रश्न एकाही तक्त्यात जात नाही तो काढून टाका. मग दहा खोटे रिस्पॉन्स भरून विश्लेषण शेवटपर्यंत चालवून पाहा आणि ते दहा पुसून खरा सर्व्हे सुरू करा. तासाभराचं काम आहे. वय १८-२५, २६-३५ अशा गटांत विचारलं की नेमकं वय कायमचं हातचं गेलं, हे तिथेच कळतं. वय आकड्यात विचारा, गट नंतरही पाडता येतात. उत्पन्नाचं वेगळं आहे. नेमका आकडा लोक सांगत नाहीत, तिथे गटच बरे. मात्र मग दोन गोष्टींचा संबंध मोजताना नेमक्या आकड्यांवर चालणाऱ्या पिअरसनऐवजी क्रमावर चालणारा स्पिअरमनचा सहसंबंध काढा.

आता सगळ्यात मोठी चूक. लिंक कॉलेजच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि शीर्षक द्यायचं 'पुणे शहरातील ग्राहकांचा अभ्यास'. वर समर्थन काय, तर ३८४ चा नमुना घेतला! हा आकडा येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि ०.५ प्रमाण धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. पण हे सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी, म्हणजे यादीतून चिठ्ठी काढल्यासारख्या निवडलेल्या लोकांसाठी आहे. ग्रुपवरच्या ओळखीच्या लोकांना ते लागू होत नाही.

संख्या वाढवून नमुन्यातला एकांगीपणा जात नाही, याचा धडा १९३६ सालीच मिळाला आहे. अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मोटार नोंदणीच्या याद्यांमधून घेतलेले. सुमारे २३ लाख परत आल्या आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असा अंदाज छापला गेला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे होती, हे यादीचं दुखणं सगळे सांगतात. दुसरं दुखणं तितकंच मोठं: चारपैकी तिघांनी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर देणारे न देणाऱ्यांसारखे नव्हते. तुमच्या गूगल फॉर्ममध्ये ही दोन्ही दुखणी आहेत.

उपाय म्हणजे विषय लहान करा. २४० कर्मचाऱ्यांची एक कंपनी घ्या, यादी मिळवा, प्रत्येक नावापुढे एक्सेलमधून रँडम आकडा टाका, त्या आकड्यांच्या व्हॅल्यू पेस्ट करून गोठवा, क्रम लावा आणि वरची नावं घ्या. एकूण लोकच कमी आहेत हे सूत्रात धरलं (मर्यादित संख्येची दुरुस्ती केली) की ३८४ चे इथे १४८ होतात. तेवढेही जमत नसतील तर ६० घ्या आणि त्रुटी जास्त आहे हे लिहा. उत्तर न देणाऱ्यांच्या मागे तीनदा लागा. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी भरलं, हे दोन्ही आकडे अहवालात द्या. यादीतून काढलेले ६० ग्रुपवरच्या ४०० पेक्षा कधीही जास्त सांगतात. ग्रुपशिवाय इलाज नसेल, तर 'सोयीचा नमुना' असं स्पष्ट लिहा आणि शीर्षकातून पुणे शहर काढा.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त घात करते. फॉर्ममध्ये 'पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत' असे पर्याय असतात आणि त्यांना ५ ते १ गुण द्यायचे असतात. एक्सेलमध्ये घाईघाईने 'सहमत'च्या जागी ४ टाकला की 'असहमत'चं 'अ४' होतं आणि 'पूर्ण सहमत'चं 'पूर्ण ४'. सरासरीचं फंक्शन अक्षरं असलेले सेल गुपचूप सोडून देतं. उरतात फक्त ४ आणि ३, म्हणून सरासरी नेहमी ३ ते ४ च्या मधे येते आणि कोणालाच संशय येत नाही. इंग्रजी पर्यायांतही 'ॲग्री' हा 'डिसॲग्री'च्या पोटात आहेच. बदलताना पूर्ण सेल जुळवण्याच्या पर्यायावर टिक करा. मग प्रत्येक स्तंभाखाली काउंट फंक्शन लावा. ते फक्त आकडे मोजतं. १२० लोकांनी उत्तर दिलं असेल तर १२० च यायला हवेत.

त्याच्याच पुढचं पाऊल म्हणजे उलट विधानं. 'मला इथे काम करायला आवडतं' आणि 'मी नोकरी सोडण्याचा विचार करतो' ही एकाच मापनपट्टीत असतील, तर दुसऱ्याचा गुण ६ मधून वजा करावा लागतो. तो केला नाही की क्रोनबाक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) कोसळतो, कधी ऋण येतो, आणि मुलं ०.७ गाठेपर्यंत एकेक विधान उडवत सुटतात. आधी उलट विधानं तपासा. नवा गुण नव्या स्तंभात ठेवा, कारण त्याच स्तंभावर वजाबाकी दोनदा झाली की मूळ आकडे परत येतात. अल्फा प्रत्येक मापनपट्टीचा वेगळा काढा. वय-शिक्षणासह तीसही प्रश्न एकत्र कोंबून काढलेल्या ०.९ ला अर्थ नाही, विधानं वाढली की अल्फा तसाही वाढतो.

काय-वर्ग चाचणी दोन गटवारींचा एकमेकींशी संबंध आहे का ते पाहते. तीत १०० लोकांना पाच वयोगट आणि पाच समाधान-पातळ्यांत वाटलं तर २५ घरं होतात. घरागणिक अपेक्षित संख्या सरासरी ४. म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त घरं ५ च्या खाली नसावीत ही अट सुरुवातीलाच मोडली. गट एकत्र करा, पण पी व्हॅल्यू (संबंध नसतानाही योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) बघायच्या आधी.

बाकीच्या थोडक्यात. न दिलेल्या उत्तराला ९ देऊ नका, सरासरीत तो बेमालूम मिसळतो. ९९ द्या आणि सॉफ्टवेअरला तो 'मिसिंग' म्हणून सांगा. 'सेवा जलद आणि विनम्र आहे' हे दोन प्रश्न आहेत. पी व्हॅल्यू ०.००० नसते, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. शून्य गृहीतक, म्हणजे 'काही संबंध नाही' हे विधान, 'सिद्ध झालं' लिहू नका, 'नाकारता आलं नाही' लिहा. वीस स्वतंत्र चाचण्या लावल्या, तर कुठेही संबंध नसताना एखादी तरी 'लागण्याची', म्हणजे पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येण्याची, शक्यता ६४ टक्के असते. तेव्हा लागलेली एकच दाखवणं ही फसवणूक आहे. रात्री बसून स्वतःच पन्नास फॉर्म भरणं ही त्याहून मोठी. शीटवरच्या वेळा ते उघडं पाडतात.

आलेल्या मूळ शीटला हात लावू नका, प्रतीवर काम करा. प्रतीत दुसरं पान ठेवून प्रत्येक बदल तारखेसह लिहा. व्हायव्हामध्ये "१२० पैकी ६ फॉर्म का वगळले?" असं विचारलं, तर तेच पान उघडून दाखवता येतं.