वहीतली चूक ऑनलाइन समुदायापुढे कशी मांडावी: गणित शिक्षकांसाठी

गणिताच्या शिक्षकाला वर्गात येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी गणिताच्या नसतात. अपूर्णांकांची बेरीज त्याला येतेच. परंतु १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहिणाऱ्या मुलीने नेमका कोणता विचार केला आणि तिला पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे पाठ्यपुस्तकात छापलेले नसते. विषयाचे ज्ञान वेगळे, अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धतींचे ज्ञान वेगळे आणि हाच घटक याच विद्यार्थ्यांना कसा उलगडून दाखवावा याचे ज्ञान आणखी वेगळे, अशी मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये केली. हे तिसरे ज्ञान बहुधा अनुभवी शिक्षकांजवळ असते, आणि एका शाळेत तोच घटक शिकवणारे शिक्षक अनेकदा एक-दोनच असतात. ऑनलाइन समुदायाचे खरे मोल इथे आहे. तयार वर्कशीट मिळणे हा त्याचा दुय्यम आणि माझ्या मते काहीसा फसवा फायदा आहे.

समुदाय निवडताना सदस्यसंख्या पाहू नये; तेथे अलीकडे विचारले गेलेले दहा-बारा प्रश्न आणि त्यांची उत्तरे वाचावीत. २०१० पासून चालू असलेल्या मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एखादे उदाहरण किंवा सिद्धता कोठे अडली हे विचारता येते. तीच गोष्ट कशी शिकवावी हा प्रश्न मात्र २०१४ मध्ये सुरू झालेल्या मॅथेमॅटिक्स एज्युकेटर्स स्टॅक एक्स्चेंजवर अधिक शोभतो. दोन्ही ठिकाणी मोघम प्रश्नांना थारा नाही, आणि नवख्याला हा काटेकोरपणा सुरुवातीला थोडा बोचतो. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरील गटांत उत्तर लवकर मिळते, परंतु महिन्याभराने तेच उत्तर शोधायला गेल्यास सापडणे कठीण जाते. म्हणून तेथील उपयोगी चर्चा त्याच दिवशी आपल्या पाठ टाचणात उतरवून घ्यावी. ६÷२(१+२) याचे उत्तर काय, अशा न संपणाऱ्या वादांत ज्या गटाचा दिवस जातो, तो गट सोडलेला बरा. तो वाद गणिताचा नसून ढिसाळ लेखनाचा आहे.

आता प्रश्न कसा विचारावा, याकडे येऊ. ‘मुलांना समीकरणे कळत नाहीत, काय करावे?’ या प्रश्नाला येणारी उत्तरे सल्ल्यांच्या पलीकडे जात नाहीत. मी एकदा असा प्रश्न विचारून पाहिला आणि ‘खेळातून शिकवा’, ‘सराव वाढवा’ एवढेच हाती लागले. पुढच्या वेळी मी मुलांनी लिहिलेली ओळच मांडली: ८ + ४ = □ + ५ या उदाहरणात अनेकांनी चौकटीत १२ लिहिले आहे, काहींनी १७; बेरजेत त्यांची चूक होत नाही; तोंडी विचारल्यावर ‘बरोबरच्या पुढे उत्तर लिहायचे असते’ असे ते सांगतात; तराजूचे चित्र दाखवून पाहिले, पण चित्र काढून घेतल्यावर तीच चूक परत झाली. या प्रश्नाला आलेली उत्तरे अगदी निराळी होती. एकाने सुचवले की उत्तर काढायला न सांगता ७ = ७, ७ = ३ + ४, ३ + ४ = ५ + २ अशी विधाने देऊन ती खरी की खोटी एवढेच विचारावे. दुसऱ्या शिक्षिकेने मलाच उलट विचारले, ‘आपण फळ्यावर लांब बेरीज कशी लिहिता?’ मी ५ + ३ = ८ + २ = १० असेच लिहीत होतो. म्हणजे पाच अधिक तीन बरोबर दहा, असे विधान मी रोज फळ्यावर करत होतो आणि बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘पुढे उत्तर येते’ असा मीच शिकवत होतो.

तेव्हा प्रश्नात चार गोष्टी असाव्यात: विद्यार्थ्याने लिहिलेले जसेच्या तसे, त्याने तोंडी दिलेले कारण, इयत्ता व आधी झालेले घटक, आणि आपण काय करून पाहिले. वहीच्या पानाचा फोटो टाकणे सर्वांत सोपे असते, पण नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचे चिन्ह झाकल्याशिवाय तो टाकू नये. त्यापेक्षा ती ओळ स्वतः टंकित केलेली अधिक चांगली. टंकताना १/२क्ष असे लिहिल्यास क्ष अंशात की छेदात हे कळत नाही, म्हणून कंस वापरावेत किंवा गणिती मजकूर टंकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटेक या संगणकीय पद्धतीच्या पाच-सहा आज्ञा शिकून घ्याव्यात. भूमितीची आकृती जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून दिल्यास उत्तर देणाऱ्याला बिंदू सरकवून पाहता येतो.

अर्धवट विचार मांडण्याचा संकोच बाळगू नये. २००९ मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी सुरू केलेल्या पॉलिमॅथ या इंटरनेटवरील सामूहिक संशोधनाच्या प्रकल्पात लहान, अपुरे, प्रसंगी चुकीचे विचारही सर्वांसमोर मांडण्याला मुद्दाम प्रोत्साहन होते, आणि त्यातूनच हेल्स-ज्युएट या संशोधन पातळीवरील प्रमेयाच्या घनता-रूपाची नवी सिद्धता उभी राहिली.

आलेली उत्तरे पारखणे ही मात्र आपलीच जबाबदारी. कोणाचीही वर्कशीट वर्गात नेण्यापूर्वी ती पूर्ण सोडवून पाहावी. क्लृप्त्यांबाबत तर विशेष सावध राहावे. ‘पक्षांतर केले की चिन्ह बदलते’ हे वाक्य पाठ करून घेतल्यास क्ष + ३ = ७ सुटते; परंतु ३क्ष = १२ मध्ये तोच विद्यार्थी तीन पलीकडे नेऊन वजा करतो आणि क्ष = ९ लिहितो. दोन्ही बाजूंना तीच क्रिया केली जाते हे ज्या उत्तरात दिसत नाही, त्याला कितीही पसंती मिळालेली असली तरी ते बाजूला ठेवावे. वर्गात एका वेळी एकच बदल करून पाहावा, कारण तीन सूचना एकदम वापरल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

प्रयोग झाल्यावर त्याच प्रश्नाखाली परत जाऊन काय घडले ते लिहावे, जमले नसेल तरीही. खऱ्या-खोट्या विधानांचा तास घेतल्यावर मी कळवले की ३ + ४ = ७ सर्वांनी खरे ठरवले, पण ७ = ३ + ४ हे ‘उलटे लिहिले आहे’ म्हणून निम्म्या वर्गाने खोटे ठरवले. त्यावर फळ्याविषयी विचारणाऱ्या त्याच शिक्षिकेने लिहिले की त्या पहिलीपासूनच बेरजा दोन्ही बाजूंनी लिहितात, आणि पहिल्या आठवड्यातील आपल्या फळ्याचा फोटोही त्यांनी सोबत जोडला.