व्यवसायाच्या व्हिडिओत सहजपणे कसे बोलावे

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, प्रकाश समोरून किंवा किंचित बाजूने येऊ द्यावा आणि कॉलर माइक हनुवटीपासून साधारण एक वीत खाली लावावा. एवढी तयारी पुरेशी आहे.

खरी अडचण येते ती बोलण्याच्या मजकुरापाशी, आणि मलाही याच टप्प्याने सर्वाधिक काळ छळले. ‘सगळा मजकूर लिहून काढा आणि पाठ करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो घातक आहे. पाठ केलेले वाक्य आठवताना नजर हरवते, आवाज एकाच पट्टीत चालतो आणि एखादा शब्द निसटला की पुढचे सारेच विस्कटते. शिवाय ‘उपलब्ध करून देण्यात येते’ यांसारखी कागदावर शोभणारी वाक्ये तोंडातून नोटीस वाचल्यासारखी बाहेर पडतात.

म्हणून वाक्ये न लिहिता प्रश्न लिहावेत, तेही ग्राहक प्रत्यक्ष विचारतो त्याच शब्दांत: ‘हे काम किती दिवसांत होईल?’, ‘मध्येच बिघडले तर?’ एखाद्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी मागे बसवून हे प्रश्न विचारायला लावावेत आणि उत्तर मात्र लेन्सकडे पाहून द्यावे. सोबत कोणी नसेल तर प्रश्न स्वतःच मोठ्याने विचारावा आणि संपादनात तो कापून टाकावा. दर, मुदती आणि अटी अचूकच हव्यात. त्या कागदावर पाहून, मग नजर वर उचलून सांगाव्यात.

प्रत्येक उत्तराचे चित्रण स्वतंत्रपणे करावे आणि त्याच्या आधी व नंतर दोन-तीन सेकंद शांत राहावे, म्हणजे कापायला जागा मिळते. अडखळल्यास तेवढेच वाक्य पुन्हा म्हणावे. दोन तुकड्यांचा सांधा वस्तूचे किंवा कामाचे दृश्य टाकून झाकता येतो. एकच उत्तर तीन-चार वेळा लागोपाठ दिले, की तेही पाठ केल्यासारखे वाटू लागते. अशा वेळी हट्टाने पुन्हा तेच न करता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे आणि नंतर परत यावे.

टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे बोलायचा मजकूर समोर सरकत दाखवणारा पडदा, टाळणे शक्यच नसेल, तर मजकूर लेन्सच्या शक्य तितका जवळ आणावा आणि स्वतः कॅमेऱ्यापासून थोडे दूर उभे राहावे, कारण अंतर वाढले की ओळींवरून फिरणारे डोळे कमी जाणवतात.

नजरेबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत असेल तर लक्ष तिकडेच जाते आणि पाहणाऱ्याला आपण त्याच्याशी बोलत नसल्याचे कळते. पडद्यावर कागद चिकटवावा किंवा मागचा कॅमेरा वापरावा.

हात मोकळे सोडावेत. सतत हसत राहण्याचा सल्ला मात्र साफ दुर्लक्षित करावा. तक्रार निवारणाबद्दल बोलताना चेहऱ्यावर हसू असेल, तर विश्वास उरत नाही.

चित्रण आधी डोळे मिटून ऐकावे, नंतर आवाज बंद करून पाहावे: वाक्याचा शेवट गिळला जातो का, हे पहिल्या वेळी कळते आणि नजर कुठे भरकटते, हे दुसऱ्या वेळी.

व्हिडिओची सुरुवात मात्र सर्वांत शेवटी चित्रित करावी. तोपर्यंत आवाज मोकळा झालेला असतो आणि आपण नेमके काय सांगितले, हेही ठाऊक झालेले असते.