जुलाब-उलट्या लागल्या की घरोघरी होतात त्या या चुका टाळा

घरात कुणाला जुलाब लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही जावा, पहिलं वाक्य एकच, त्याला पाणी देऊ नको, पाणी दिलं की परत होतंय. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. व्हायरसचे जुलाब पाणी बंद करून थांबत नाहीत, ते आपला वेळ घेतात, रोटाव्हायरसला ३ ते ८ दिवस, नोरोव्हायरसला बहुतेक १ ते ३ दिवस, आणि तेवढ्यात अंगातलं पाणी आणि मीठ जातं ते भरून काढलं नाही तर लहान पोर काही तासांतच मलूल पडतं. जुलाब थांबवायच्या मागं लागू नका, गेलेलं पाणी परत पोटात कसं जाईल ते बघा.

आता ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी. ती आणतात पण कालवताना घोळ घालतात. मोठ्या पुडीला १ लिटर पाणी लागतं, पूर्ण पुडी एकदमच. पेल्यात चिमूटभर टाकलं तर उपयोग नाही, आणि अर्ध्या तांब्यात पूर्ण पुडी ओतली तर मीठ जास्त होऊन उलट त्रास वाढतो. तांब्याचा अंदाज धरू नका, लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा आणि कालवलेलं २४ तासांनंतर फेकून द्या. छोट्या पुड्याही मिळतात, त्यांना पाणी कमी लागतं, म्हणून पुडीवर लिहिलेलं वाचूनच करा. वरनं साखर नको, दुधात नको, कोल्ड्रिंकमध्ये तर नकोच. ओआरएसच्या नावानं गोड ज्यूससारखे डबे मेडिकलात मिळायचे, त्यात साखर भरमसाट, म्हणून एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा खात्यानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली. जुना माल हातात आला तर घेऊ नका.

पाजलं की उलटी होते म्हणून सोडून देतात. १० मिनिटं थांबा आणि परत चमच्या-चमच्यानं सुरू करा, घाई नाही. २ वर्षांच्या आतल्या पोराला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या पोराला १०० ते २०० मिली. अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. मऊ भात, पेज, केळं चालतंय, उपाशी ठेवायचं काही कारण नाही. मुलांना झिंक पण १४ दिवस द्यायचं असतं, डोस डॉक्टरना विचारून, आणि जुलाब थांबले म्हणून मधेच बंद करायचं नाही.

सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही ही समजूतही सोडा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या पेशंटना मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजलं आणि मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. तोंडानं पाणी राहतंय तोवर तेच द्या.

मेडिकलातनं स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणणंही बंद करा, व्हायरसवर ते चालतच नाही. जुलाब बांधायची गोळी लहान मुलांना तर कधीच देऊ नका.

सॅनिटायझर लावलं म्हणजे झालं असं नाही, नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, साबणानं घासूनच हात धुवा. उलटी पडलेली जागा नुसत्या फडक्यानं पुसून चालत नाही, ब्लीचिंगचं पाणी टाका. आणि आपल्याकडं होतं काय, काल उलट्या थांबल्या आणि आज लग्नाच्या नाहीतर यात्रेच्या स्वयंपाकाला हजर! थांबल्यावर किमान ४८ तास दुसऱ्यांसाठी काही बनवू नका, पोराला शाळेत-अंगणवाडीतही पाठवू नका. बरं वाटल्यावरही पुढं कितीतरी दिवस संडासावाटे व्हायरस बाहेर पडत राहतो, म्हणून हात धुणं सोडायचं नाही.

रोटाव्हायरसच्या लसीचे थेंब सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला. सीमेवरच्या घरात हे हमखास चुकतं, बाळंतपण माहेरी चंदगड-कोल्हापूरला, पहिला डोस तिकडं, आणि इकडं आल्यावर कार्डच सापडत नाही. कार्ड सोबत आणा, आशाताईंना दाखवा, उरलेले डोस घ्या. हा थेंब नोरोव्हायरसवर मात्र चालत नाही.

घरी थांबायचं नाही ते कधी? ६ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, पोर सुस्त पडलंय किंवा काही पीतच नाही, शौचात रक्त दिसतंय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. म्हातारी माणसं बीपी-शुगरच्या गोळ्या घेत असतील तर त्या चालू ठेवायच्या का ते पहिल्या दिवशीच डॉक्टरना विचारा.