'ए' की 'ॲन'? शब्द आधी मराठीत लिहून बघा

इंग्रजी शब्दाआधी 'ए' लावायचा की 'ॲन', यात भलेभले अडखळतात, कारण शाळेपासून आपण शब्दाचं पहिलं अक्षर बघत आलोय. ठरतं मात्र उच्चारावर. आणि उच्चार जसाच्या तसा दाखवणारी देवनागरी आपल्या हाताशी आहेच!

शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली (अ, आ, इ, ए, ओ, शिवाय ॲ आणि ऑ) तर 'ॲन'. व्यंजनाने झाली तर 'ए'.

'अवर' म्हणजे तास. इंग्रजीत पहिलं अक्षर एच, पण आपण लिहितो 'अ', म्हणून ॲन अवर. 'युनिव्हर्सिटी' इंग्रजीत यूने सुरू होते, मराठीत मात्र 'य'ने, म्हणून ए युनिव्हर्सिटी. तसंच ए वन-वे रोड. लघुरूपांत तर ही युक्ती फारच कामाला येते: ॲन एमबीए, ॲन एक्स-रे, पण ए यूएसबी केबल, कारण तिथला 'यू' म्हणजे य.

बघायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नव्हे. ए मॅन, पण ॲन ऑनेस्ट मॅन. ॲन आयडिया, पण ए युजफुल आयडिया.

एका ठिकाणी सांभाळा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण सर्रास 'इयर' लिहितो, पण त्याचा खरा उच्चार 'यिअर' असा 'य'ने सुरू होतो. म्हणून ए यिअर. कानासाठीचा शब्द मात्र 'इअर'च, तिथे ॲन इअर.