वस्तीत आरोग्याचं काम करताय? मग निदान या चुका तरी टाळा

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी फोन करतं. नवी संस्था असते, एखादं मंडळ असतं, नाहीतर कंपनीचा सीएसआरवाला, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा निधी बघणारा. "सर, सोलापुरात एखाद्या वस्तीत आरोग्य शिबिर घ्यायचंय, पुढच्या रविवारी. वस्ती तेवढी सुचवा." मी विचारतो, त्याच्या पुढच्या रविवारी काय करणार? याचं उत्तर आजवर फार थोड्यांनी दिलंय. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

शिबिर झालं म्हणजे काम झालं, असं समजणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं विडी घरकुलाकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दणक्यात शिबिर घेतलं. मंडप, खुर्च्या, बॅनरवर पाहुण्यांचे हात जोडलेले फोटो, बाहेरगावचे डॉक्टर. वेळ सकाळी अकराची. विडी कामगार बाई त्या वेळी घरात नसते. ती वळलेला माल कारखान्यात द्यायला आणि दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू आणायला गेलेली असते. तिथं जुड्या तपासल्या जातात, खराब म्हणून काही बाजूला काढल्या जातात, त्यावर वाद होतो. बारापर्यंत मंडपात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं. मग साडेबाराला बायका एकदम आल्या. उन्हातून चालत, हातात पिशवी, पान भिजवायची घाई, आणि एवढं करून रांगेत अर्धा तास उभ्या. त्यांचं बीपी घेतलं तेही उभ्याउभ्याच, शेजारणीशी बोलणं चालू असताना. साहजिकच बहुतेकींना 'बीपी' निघालं. प्रत्येकीच्या हातात पाच दिवसांच्या गोळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

महिनाभरानं दुसऱ्याच कामासाठी त्या गल्लीत गेलो. एका मावशीनं डब्यातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "हे कशाच्या हाय बघा की जरा. एक खाल्ले, गरगरल्यासारखं झालं, ठेवून दिले." शेजारच्या अक्कानं पाचही गोळ्या घेतल्या होत्या आणि तापाचा कोर्स संपावा तसा तिचा बीपी 'संपला' होता. तिसरीचं बीपी खरोखरच जास्त होतं, पायावर सूज होती. पण सगळ्यांना जे सांगितलं तेच तिलाही सांगितलेलं, त्यामुळं घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. नावांचं रजिस्टर कुठंय म्हणून संस्थेला विचारलं. मंडपवाल्याच्या टेम्पोत राहिलं होतं म्हणे. ते परत कुणी आणलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. बाईला खुर्चीत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पाच मिनिटं गप्प बसू द्यायचं. मांडीवरचं सूपही खाली ठेवायला लावायचं, कारण ती बसल्याबसल्या वळायला सुरुवात करतेच. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर लगेच 'तुम्हाला बीपी आहे' म्हणून शिक्का मारायचा नाही. वेगळ्या दिवशी परत मोजायचं. आकडा फारच वर असेल किंवा छातीत दुखणं, धाप असलं काही असेल, तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी सिव्हिलला न्यायचं. सोबत आपला माणूस द्यायचा. नुसती चिठ्ठी देऊन कुणी जात नाही, कारण ओपीडीत सकाळ गेली की तिची त्या दिवसाची मजुरीही गेली.

शिबिरात गोळ्या मी देत नाही. पुढच्या महिन्याची गोळी जिथून मिळणार, पहिलीही तिथूनच मिळायला हवी, म्हणजे महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून. आणि नावं दोनशे पानी वहीत. ॲप नको असं नाही, पण ज्याला वही ठेवता येत नाही त्याला ॲप ठेवता येईल यावर माझा विश्वास नाही.

आपल्याकडं अशा कार्यक्रमांच्या भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव हमखास येतं. घ्यावंच, ते सोलापूरचेच. फक्त ते १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच काम करताना वारले, हेही वक्त्यांनी आठवावं. एका दिवसाच्या शिबिराला गेले नव्हते ते.

पाण्याचा दिवस न विचारता तारीख ठरवणं

उजनीचं पाणी शहरात रोज येत नाही. ज्या दिवशी नळ येणार त्या दिवशी तुमच्याकडं कुणीही येणार नाही, धन्वंतरी स्वतः आले तरी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतही काही ठेवू नका. आणि मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात लोकांना बसवणाऱ्यांनी आधी स्वतः तासभर बसून बघावं.

भाषा गृहीत धरणं

शहराच्या पूर्वभागात तेलुगू, काही ठिकाणी कन्नड, काही ठिकाणी दखनी उर्दू. हे कळलं की उत्साही मंडळी तेलुगूत पत्रकं छापतात. घरी तेलुगू बोलणारी बाई तेलुगू वाचते असं नाही, बऱ्याचदा तिची पोरं मराठी शाळेत शिकलेली असतात. पत्रकावरचा खर्च वाचवा, गल्लीतलीच एक बोलकी अक्का सोबत घ्या.

भागीदारी म्हणजे बॅनरवर आणखी एक लोगो

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. करार होतो, फोटो होतो, हार होतात. केंद्रातल्या सिस्टरला मात्र कार्यक्रम कळतो तो मंडप उभा राहिल्यावर.

व्यवस्था आधीपासून आहे, ती बघून घ्या. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झालं. त्यात साधारण ५०,००० लोकसंख्येमागं एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, वस्तीत आशाताई, आणि ५० ते १०० घरांमागं एक महिला आरोग्य समिती अशी रचना ठरली. या समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी, वस्तीच्या गरजेप्रमाणं वापरायला. आता बाहेरून येणारी संस्था काय करते? या समितीला न विचारता शेजारीच स्वतःचा 'आरोग्य सखी' गट काढते, टीशर्ट वाटते, मानधन सुरू करते. आशाताई नाराज होते, आणि का होऊ नये? अनुदान संपलं की सख्या गायब, आणि वस्तीत आशाताई एकटीच. ती मग पुढच्या संस्थेला दारातूनच वाटेला लावते. तो पुढचा माणूस मला फोन करून म्हणतो, "सर, इथले लोक सहकार्य करत नाहीत."

मी कुठल्याही वस्तीत आधी तीन ठिकाणी जातो. सिस्टरकडं, रिकाम्या हातानं आणि दुपारनंतर, ओपीडीची गर्दी ओसरली की. "तुमचं कुठलं काम अडलंय?" एवढंच विचारायचं. उत्तर बहुधा छोटं असतं: वजनकाटा बिघडलाय, बाळंतिणींच्या घरी जायला रिक्षाचे पैसे नाहीत. ते आधी करायचं. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं. कोण रोज अंगदुखीची गोळी नेतंय, कुणी बीपीची गोळी मध्येच थांबवली, त्याला पाठ असतं. नावं विचारायची नाहीत, कुठल्या तक्रारी जास्त दिसतात ते विचारायचं. आणि शेवटी विडी कारखान्यात किंवा यंत्रमाग कारखान्यात जाऊन वेळ मागायची, देणगी नव्हे. माल तपासून घेताना बायका तशाही थांबलेल्या असतात. तिथंच एक टेबल आणि चार खुर्च्या मिळाल्या तर मंडपाचा खर्चच नको.

या फेऱ्यांत दोन-तीन महिने जातात. घाईच्या मंडळींना हे 'वेळ घालवणं' वाटतं. त्यांनी खुशाल मॅरेथॉन भरवावी.

टीबीच्या रुग्णाला एकदाच पोषण किट

साध्या क्षयरोगाचा उपचार ६ महिन्यांचा, आणि तुमचं किट एका महिन्याचं. निक्षय मित्र, म्हणजे सरकारी योजनेत टीबी रुग्णाच्या पोषणाची जबाबदारी घेणारा, व्हायचं तर निदान ६ महिने व्हा. सरकारकडून निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). बँक खात्याच्या घोळात ते अडकले असतील तर तो घोळ सोडवणं हे किटपेक्षा मोठं काम आहे. आणि किट देताना रुग्णाचा फोटो काढू नका. गल्लीत ज्या पोरीचं लग्न ठरायचंय तिच्या घरी त्या फोटोनं काय होतं, ते मी पाहिलंय.

धर्मादाय रुग्णालयांचा विसर

ऑपरेशनसाठी वर्गणी काढण्याआधी रुग्णालय धर्मादाय नोंदणीचं आहे का ते बघा. असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आधीच तयार ठेवा. खाट नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या.

हिशेब मार्चमध्ये आठवणं

सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेची सरकारकडं सीएसआर-१ ही नोंदणी आधी हवी. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असेल तर देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. दोन्हीसाठी चांगला सीए धरा आणि त्याला वेळेवर पैसे द्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा फोन येतो, "एकतीस तारखेपर्यंत खर्च दाखवता येईल का?" बऱ्याच संस्था हो म्हणतात आणि एका आठवड्यात चार शिबिरं उरकतात. मी नाही म्हणतो. कंपनीला सांगा, प्रकल्प चालू स्वरूपाचा असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकता येते आणि पुढं तीन वर्षांत वापरता येते. कायद्यातच सोय आहे. त्यासाठी प्रकल्प एका वर्षाहून मोठा म्हणून कंपनीच्या संचालक मंडळानं मंजूर केलेला लागतो, तेव्हा प्रस्तावच पहिल्या दिवशी तीन वर्षांचा लिहा.